जुन्या मायक्रोफोनचा आवाज येतो कुठून?

जाळीदार, जडशीळ, क्रोमने चकाकणारे जुने मायक्रोफोन आज दोनच ठिकाणी दिसतात: पोस्टरवर आणि महागड्या स्टुडिओत. पोस्टरवर ते शोभेला असतात. स्टुडिओत मात्र साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा माइक मुद्दाम शोधून, दुरुस्त करून वापरला जातो आणि त्याच्या आवाजाबद्दल बोलताना एरवी रुक्ष बोलणारे इंजिनिअरही कवी होतात. गोडवा, भरदारपणा, जादू वगैरे. जादूबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण या माइकचा आवाज असा का आहे, याचं बरंचसं उत्तर एका प्रश्नात दडलेलं आहे: आतला पडदा स्वतःहून कोणत्या सुरात थरथरतो, आणि बनवणाऱ्याने त्या सुराची सोय कुठे लावली?

हा प्रश्न मुळात येतो का, ते आधी पाहू. समोर मीटरभर अंतरावर कुणी साधं बोलत असेल, तर त्या आवाजामुळे हवेच्या दाबात साधारण ०.०२ पास्कलचा फरक पडतो. वातावरणाचा एकूण दाब सुमारे १ लाख पास्कल. म्हणजे पन्नास लाखांत एक, इतकासा फरक. तेवढ्याने हलेल असा हलका पडदा हवा, त्या हलण्यातून वीज निघायला हवी, आणि खर्जातल्या ५० हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला ५० कंपनं) झांजेच्या १५,००० हर्ट्झपर्यंत सगळ्या आवाजांना त्याने सारखाच न्याय द्यायला हवा. शेवटची अट सगळ्यांत अवघड, कारण ताणलेल्या किंवा टांगलेल्या कुठल्याही वस्तूला स्वतःची एक आवडती वारंवारता असते.

झोक्याचं बघा. हात अगदी सावकाश पुढेमागे केला तर झोका हातासोबत निमूट येतो. त्याच्या लयीत ढकललं तर वाटेल तेवढा उंच जातो. आणि भराभर, त्याच्या लयीपेक्षा कितीतरी वेगाने हलवू पाहिलं तर जेमतेम हलतो. माइकच्या पडद्याचंही तसंच. आवडत्या वारंवारतेच्या खाली पडद्याचा ताठपणा त्याची हालचाल ठरवतो, नेमक्या त्या वारंवारतेवर घर्षण ठरवतं, आणि त्याच्या वर पडद्याचं वजन. जुन्या माइकचे मुख्य प्रकार या तीन प्रांतांत वाटले गेले आहेत. हे एकदा लक्षात आलं की बाकीचा इतिहास सोपा होतो.

पण सुरुवातीला कुणाला एवढी चैन परवडत नव्हती. १८७६ मध्ये बेलचा टेलिफोन बोलू लागला तेव्हा खरी अडचण ताकदीची होती. आवाजाच्या स्वतःच्या जोरावर जेवढी वीज तयार होई तेवढीच तारेतून जाई, आणि ती थोड्याच अंतरात विरून जाई. पुढच्या एक-दोन वर्षांत एमिल बर्लिनर, थॉमस एडिसन आणि लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच युक्ती शोधली. वीज बॅटरीची घ्यायची आणि आवाजाने फक्त तिचा नळ कमीजास्त करायचा. नळ म्हणजे दोन वस्तूंमधला सैलसर स्पर्श. त्यासाठी कार्बन सगळ्यांत सोयीचा ठरला. कार्बन दाबला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, सैल सोडला की वाढतो. ह्यूज यांनी आपला शोध १८७८ मध्ये जाहीर केला आणि पेटंट घेतलंच नाही. एडिसन आणि बर्लिनर यांच्या बाजूंचे कोर्टकज्जे मात्र वर्षानुवर्षं चालले. १८७८ मध्येच हेन्री हनिंग्ज या इंग्लिश धर्मोपदेशकाने कार्बनचे सुटे कण भरायची कल्पना काढली, आणि टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये हा दाणेदार कार्बन पुढची शंभर वर्षं टिकला.

एवढा टिकला त्याला कारण आहे. कार्बन माइकमधून निघणारी विद्युतशक्ती आत गेलेल्या ध्वनिशक्तीपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे तो माइक आहेच, शिवाय ॲम्प्लिफायरही आहे, आणि तोही व्हॉल्व्ह (विजेचा क्षीण संकेत वाढवणारी काचेची निर्वात नळी) अस्तित्वात नसतानाच्या काळात. दोष मात्र ढीगभर. कणांमधल्या स्पर्शामुळे सतत खरखर येते. कण एकमेकांना चिकटून बसले की माइक मंदावतो. मग त्याला टिचकी मारून जागं करायचं. आणि पडद्याची आवडती वारंवारता थेट माणसाच्या आवाजाच्या मधोमध येते, त्यामुळे बोलणारा नाकात बोलतोय असं वाटतं. १९२० च्या दशकात रेडिओसाठी वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने पडद्याच्या दोन्ही अंगांना कार्बनची डबी असलेला माइक आणला. धातूचा पडदा करकचून ताणून त्याची वारंवारता वर ढकलली, आणि दोन डब्या उलटसुलट चालत असल्याने आवाजातली बरीच विकृती आपापसांत कटली. जुन्या फोटोंत गोल कड्यात चार-आठ स्प्रिंगांवर टांगलेला जो माइक दिसतो तो हाच. त्या स्प्रिंगा नक्षी म्हणून नव्हत्या. टेबलाला लागलेला धक्काही कार्बनचे कण इमानाने ऐकवत असत.

मोजण्याचं यंत्र गाऊ लागलं

दरम्यान १९१६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या एडवर्ड वेंटे यांनी कंडेन्सर माइक तयार केला होता, आणि गंमत म्हणजे तो गाण्यासाठी नव्हताच. त्यांना ध्वनीची तीव्रता अचूक मोजायची होती. ताणलेला धातूचा पातळ पडदा आणि त्याच्या मागे मिलिमीटरच्या काही शतांश अंतरावर एक पक्की तबकडी, एवढीच रचना. दोन्हींमध्ये विद्युतदाब लावला की ते कंडेन्सर बनतात; पडदा हलला की मधलं अंतर बदलतं, धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि विद्युतदाब त्याप्रमाणे वरखाली होतो. इथे वीज पडदा किती सरकला यावर ठरते. ती सगळ्या सुरांना सारखी हवी असेल तर पडदा ताठपणाच्या प्रांतात ठेवायला हवा, म्हणजे त्याची आवडती वारंवारता ऐकण्याच्या वरच्या टोकाकडे हाकलायची. वेंटे यांनी पडदा भयंकर ताणून नेमकं तेच केलं, आणि मागच्या तबकडीजवळ अडकलेल्या हवेच्या थराचा उपयोग थरथर आवरायला केला. सूर वर लपवला तो असा.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अशा कॅप्सूलची, म्हणजे पडदा आणि तबकडीच्या जोडीची, धारकता जेमतेम ८० पिकोफॅरडच्या आसपास असते. गणित करून पाहिलं तर २० हर्ट्झला तिचा विजेला होणारा अडथळा सुमारे १० कोटी ओहम निघतो. असा स्रोत साध्या तारेला जोडला तर काही मीटर तारेची स्वतःची धारकताच सगळा आवाज गिळून टाकते. म्हणून पहिला व्हॉल्व्ह कॅप्सूलला अगदी चिकटून, माइकच्या अंगातच बसवावा लागला. जुने कंडेन्सर माइक अगडबंब का, त्यांच्यासोबत वीजपुरवठ्याची जड पेटी का, दमट हवेत ते चरचरतात का, या सगळ्याचं मूळ त्या १० कोटींत आहे. थोडा ओलावा साचला तरी तेवढ्या मोठ्या रोधाला बगल देऊन वीज झिरपू लागते.

१९२५ मध्ये ग्रामोफोन कंपन्यांनी भोंग्यात ओरडून ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत सोडून वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत पद्धत घेतली, तेव्हा वेंटे यांचं मोजमापाचं यंत्र गाणं ऐकू लागलं. बर्लिनमध्ये जॉर्ज नॉयमान यांनी १९२८ साली स्वतःची कंपनी काढून 'सीएमव्ही ३' हा कंडेन्सर माइक बाजारात आणला. जवळपास ४० सेंटिमीटर उंच आणि सुमारे ३ किलो वजनाचा हा दंडगोल 'नॉयमानची बाटली' म्हणून ओळखला जाई. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात तो होता.

फीत, आणि जवळ येण्याचं बक्षीस

मला स्वतःला सगळ्यांत देखणी वाटते ती रिबन माइकची कल्पना. जर्मनीत सीमेन्सचे वाल्टर शॉट्की आणि एर्विन गेर्लाख यांनी १९२४ मध्ये ती मांडली, आणि अमेरिकेत आरसीए कंपनीचे हॅरी ओल्सन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा '४४' हा प्रसिद्ध माइक केला. चुंबकाच्या दोन टोकांमधल्या फटीत ॲल्युमिनियमची एक फीत सैलशी लटकवलेली. जाडी दोन-अडीच मायक्रॉन, लांबी सहाएक सेंटिमीटर, आडव्या चुण्या पाडलेल्या. हवेसोबत ती हलते, चुंबकीय क्षेत्र कापते आणि तिच्यात वीज निर्माण होते. फीतच पडदा, फीतच तार.

इथे डाव उलटा आहे. फीत दोन्ही बाजूंनी उघडी असते, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक तिला ढकलतो, आणि हा फरक वरच्या सुरांना जास्त, खालच्या सुरांना कमी असतो. त्याची भरपाई कशाने करायची? वजनाने. फीत सैल ठेवून तिची आवडती वारंवारता खर्जाच्याही खाली नेली की ऐकण्याचा सगळा पट्टा वजनाच्या प्रांतात येतो, जिथे वरच्या सुरांना वस्तू कमी दाद देते. दाब जितका वाढतो तितकी दाद घटते, आणि निघणारी वीज सपाट राहते. दोन तिरपेपणांनी एकमेकांना सरळ केलं. वेंटे यांनी सूर वर लपवला, ओल्सन यांनी खाली.

उघड्या फितीमुळे आणखी एक गोष्ट फुकट मिळाली. कडेने येणारा आवाज दोन्ही बाजूंना एकाच वेळी सारखाच पोहोचतो आणि फीत ढिम्म हलत नाही. त्यामुळे माइक समोरून आणि मागून ऐकतो, बाजूंना बहिरा असतो. रेडिओ नाटकवाल्यांना हे पर्वणीच होतं. नट माइकच्या दोन्ही अंगांना उभे राहत आणि 'दूर जायचं' असेल तेव्हा बहिऱ्या बाजूकडे सरकत.

आता तो सुप्रसिद्ध गोडवा. तोंड माइकच्या अगदी जवळ आलं की फितीची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा आवाजाला लक्षणीयरीत्या जवळ पडते. निव्वळ अंतरामुळे पडणारा हा दाबाचा फरक खालच्या सुरांना कमी होत नाही. पण माइकची रचना तर खर्जाला जास्त दाद देणारी, म्हणजे भरपाई आधीच करून ठेवलेली. परिणामी खर्ज फुगतो. दुसऱ्या टोकाला, '४४' मध्ये आवाजाला पुढून मागे जायला बराच मोठा वळसा पडतो. त्यामुळे माइक जोरकस होतो, पण फार वरच्या सुरांची लहर त्या वळशाच्या मानाने आखूड पडते आणि तिथे आवाज उतरत जातो. खालून भर, वरून मऊपणा. बिंग क्रॉस्बीसारखे हळू, कानाशी बोलल्यासारखे गाणारे गायक याच काळात मोठे झाले, हा योगायोग मानायला मी तयार नाही. मागच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी गळा ताणायची गरज उरली नाही, आणि जवळ येऊन गाणाऱ्याला माइक वरून बक्षीस देत होता.

फितीचा रोध ओहमच्या अंशात असतो, म्हणून आत ट्रान्सफॉर्मर लागतो. त्या काळच्या चुंबकांत दम कमी होता, म्हणून ते मोठे लागत. '४४' मालिकेतला माइक साडेतीन-चार किलोंचा होतो तो यामुळे. आणि त्यावर फुंकर मारून 'चालू आहे का' हे बघायचं नाही. तेवढ्याने फीत ताणली जाते. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९३४ मध्ये मार्कोनी कंपनीसोबत स्वतःचा रिबन माइक काढला. आरसीएचा विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं.

मधला रस्ता

तिसरा प्रांत घर्षणाचा. पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवून ते चुंबकात हलवलं की झाला डायनॅमिक माइक. सांगायला सोपा, पण वेटोळ्याचं वजन पडद्याला जड पडतं आणि आवडती वारंवारता नेमकी मध्यावर येते. ती लपवता येत नसेल तर दाबायची. १९२३ च्या सुमारास बीबीसीने वापरलेल्या मार्कोनी-साइक्स माइकमध्ये वेटोळं कापसाच्या बोळ्यांवर व्हॅसलीन लावून टेकवलेलं असे. हा घर्षणाचाच उपाय, जरा घरगुती थाटाचा. १९३१ मध्ये वेंटे (तेच ते) आणि ए. सी. थुरास यांनी '६१८ ए' मध्ये त्याला शास्त्रशुद्ध रूप दिलं. पडद्यामागे हवेच्या लहान पोकळ्या आणि अरुंद फटी अशा मापून ठेवल्या की फटींतून घुसमटत जाणारी हवा मधली उसळी शोषून घेते आणि पोकळ्या दोन्ही टोकांना हात देतात. डायनॅमिक माइकच्या आत आजही हेच चालतं. बाहेरून साधा डबा, आत हवेची नळकामं.

त्यानंतरचा मोठा प्रश्न दिशेचा होता. समोरचं ऐकावं, मागचं नाही, असा माइक हवा. चारी बाजूंनी सारखं ऐकणारा माइक आणि दोन बाजूंनी ऐकणारी फीत यांची बेरीज केली तर समोर दोन्ही मिळून वाढतात आणि मागे एकमेकांना खोडतात. आलेखावर हृदयाची आकृती उमटते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या '६३९' मध्ये खरोखरच एक डायनॅमिक आणि एक रिबन असे दोन माइक एका डबीत कोंबले होते. पण दोन वेगळ्या स्वभावांची यंत्रं सगळ्या सुरांना अचूक जुळत नाहीत. शूर कंपनीतल्या बेन बाउअर यांनी एकाच पडद्यावर हे साधलं. डबीला मागून छिद्रं ठेवायची आणि त्यातून येणाऱ्या हवेला अडथळा करून उशीर लावायचा. मागून आलेला आवाज पडद्याच्या पुढच्या बाजूला वळसा घालून उशिरा पोहोचतो, मागच्या बाजूला छिद्रांतून अडखळत तितक्याच उशिरा. दोन्हीकडून सारखाच दाब, पडदा गप्प. १९३९ चा 'युनिडाइन ५५' तो हाच, जाडजूड बरगड्यांचा, ज्याच्या पुढच्या आवृत्तीला आज लोक 'एल्व्हिस माइक' म्हणतात. पोस्टरवरच्या या माइकमधली खरी हुशारी त्या मागच्या छिद्रांत आहे आणि ती फोटोत कधी दिसत नाही.

जर्मनीत ब्राउनम्यूल आणि वेबर यांनी १९३० च्या दशकात कंडेन्सरमध्ये तेच केलं. मधली पितळी तबकडी, तिच्या दोन्ही अंगांना सोन्याचा मुलामा दिलेले पातळ पडदे, आणि तबकडीत आरपार व अर्धवट अशी दोन्ही तऱ्हेची छिद्रं. त्या छिद्रांतली हवा उशीरही लावते आणि घर्षणही पुरवते. लक्षात घ्या, वेंटे यांच्या कंडेन्सरमधला करकचून ताणलेला पडदा इथे चालत नाही; दिशा हवी म्हटल्यावर कंडेन्सरलाही मधल्या प्रांतात यावं लागलं. नॉयमानने याच कॅप्सूलभोवती १९४९ मध्ये 'यू ४७' बांधला. मागच्या पडद्याला वीज दिली की माइक चहूकडून ऐकतो, तोडली की फक्त समोरून. तेवढ्यासाठी अंगावर एक कळ. व्हिएन्नाच्या एकेजीने १९५३ च्या 'सी १२' मध्ये दूरच्या पेटीवरून ऐकण्याच्या दिशांच्या नऊ तऱ्हा बदलायची सोय दिली.

'यू ४७' बद्दल बोलताना लोक त्यातल्या 'व्हीएफ १४' व्हॉल्व्हचं नाव भक्तिभावाने घेतात. हा टेलिफुंकन या जर्मन कंपनीचा रेडिओसाठी बनवलेला व्हॉल्व्ह. नॉयमान त्यातले कमी खरखर करणारे निवडून घेई आणि त्याचा तापक (आतली तापणारी तार) ५५ व्होल्टऐवजी बराच कमी, ३६ च्या आसपास चालवी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याचं उत्पादन थांबलं आणि उरलेल्यांच्या किमती चढत गेल्या. माझं मत विचाराल तर व्हॉल्व्हला इथे फुकट मान मिळतो. साधं गाणं चालू असताना तो फारशी विकृती करतच नाही. रंग येतो तो मोठ्या कॅप्सूलमुळे, तिच्याभोवतीच्या जाळीच्या आकारामुळे आणि ट्रान्सफॉर्मरमुळे. १९६० मध्ये आलेल्या 'यू ६७' मध्ये सर्रास मिळणारा 'ईएफ ८६' होता, आणि त्या माइकला कुणी कमी लेखत नाही.

आज दोन जुने 'यू ४७' शेजारी ठेवले तर ते बहुधा वेगळे वाजतील. त्यांचे पडदे पीव्हीसीचे होते. त्यातला मऊपणा देणारा अंश वर्षानुवर्षं उडून जातो, पडदा कडक होतो, कधी तडकतो; आणि ताठपणा बदलला की माइकचा सगळा हिशेबच बदलतो. पुढच्या माइकमध्ये पॉलिएस्टर आलं ते यासाठी. म्हणजे 'अस्सल जुना आवाज' म्हणून आपण ज्याची तारीफ करतो त्यात कारखान्यातून निघालेलं किती आणि म्हातारपणाचं किती, हे बऱ्याचदा वेगळं काढता येत नाही. नवी हुबेहूब प्रत विकणारे नेमकी कोणत्या वयाची नक्कल करतात, हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा.

व्हॉल्व्हची सद्दी १९६० च्या दशकात संपली. फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर त्या १० कोटी ओहमला घाबरत नाही, तापत नाही आणि जागाही खात नाही. १९६६ मध्ये नॉर्वेच्या रेडिओने नॉयमानकडे माइकच्याच तारेतून वीज जाईल अशी व्यवस्था मागितली. त्यांच्या इमारतीत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून आकडा ४८ ठरला आणि पुढे जगभर तोच प्रमाण झाला. जुन्या रिबन माइकच्या मालकांना मात्र तो धसका देतो: तार चुकीची जोडलेली किंवा तुटकी असेल तर हाच विद्युतदाब ट्रान्सफॉर्मरमार्गे फितीला हिसका देऊ शकतो. जुनी फीत जोडण्याआधी मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं बटण बंद आहे ना, हे पाहायचं; ते नंतर बंद करून उपयोग नाही.

१९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी विद्युतभार कायमचा धरून ठेवणारी प्लॅस्टिकची झिल्ली वापरून इलेक्ट्रेट माइक केला आणि कंडेन्सरला बाहेरून भार द्यायची गरजही संपली. मोबाइलमध्ये आज सिलिकॉनवर कोरलेला, मिलिमीटरभराचा कंडेन्सर असतो. त्यात पडदा आहे, मागे तबकडी आहे, आणि पडद्याची आवडती वारंवारता कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पलीकडे ढकललेली आहे. हा १९१६ चाच डाव.